तिसरी पट्टी मोडायला

सर कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करायचे. बसायचं नंतर. यजमान "या, या, बसा" म्हणत असतानाच सरांनी खुर्ची उचललेली असायची आणि डॉक्टरनं पोराचा घसा बघावा तसे तिचे खालचे सांधे बघत असायचे. सांधा पसंत पडला तर "हाव" म्हणून बसायचे. नाही पडला तर उभ्या उभ्याच चहा प्यायचे. पुतणीसाठी स्थळ बघायला उदगीरला गेले तेव्हा मुलाकडच्यांचा टीपॉय त्यांनी असाच उचलला. त्यावर पोह्यांच्या प्लेटा होत्या. परत येताना काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, बसमध्ये त्यांच्याशी बोलणं टाकलं. सर आपले खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "खिळे मारून ठेवलाय टीपॉय. लोक घाईचे हाईत." पुढं त्याच लोकांनी साखरपुडा आठ दिवसांवर आणला, तेव्हा सर काकूंना फक्त "बघ" म्हणाले.

मी त्यांची भाडेकरू. नायगावहून नांदेडला कॉलेजसाठी आले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या शेडला लागून असलेली खोली मला मिळाली. सर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची आणि त्यांना ते अजिबात आवडायचं नाही. "मी मिस्त्री हाय. सर हापिसात बसतेत," असं ते प्रत्येकाला सांगायचे आणि प्रत्येक जण "बरं सर" म्हणायचा. खोली देताना त्यांनी मला आडनाव विचारलं नाही, खाण्यापिण्याचं विचारलं नाही. एकच विचारलं, "दार आपटतीस का?"

"नाही."

"मग ऱ्हा. ती चौकट माझ्या हातची हाय."

सर सगळं जग सुतात मोजायचे. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे एक सूत. जुने मिस्त्री अजून तसंच मोजतात. पण सरांचा ताप सुतात चढायचा, भाजीत मीठ दोन सूत कमी असायचं आणि मी कॉलेजातून उशिरा आले की ते घड्याळाकडे न बघता "आज चार सूत उशीर" म्हणायचे. मी आधी हसायचे. नंतर माझ्याही तोंडात ते बसलं, आणि आज हिमाचलातल्या पोरांना मी "घुटना एक सूत और" म्हणते तेव्हा ती माझ्याकडे वेड्यासारखी बघतात.

हिमाचल कुठून आलं ते सांगते. कॉलेजातल्या एनसीसीमुळे पहिल्याच वर्षी माझी तिकडच्या एका संस्थेत स्कीइंगच्या शिबिराला निवड झाली. नायगावच्या मुलीनं बर्फ म्हणजे गोळ्याचा, एवढाच पाहिलेला. तिथं पायात जड बूट घातले, बुटांना दोन लांब पट्ट्या अडकवल्या आणि उस्तादांनी, म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांनी, मला उतारावर सोडून दिलं. मी पडले, पुन्हा पडले आणि तिसऱ्यांदा उभी राहिले ती प्रेमात पडूनच. मला यातच राहायचं होतं. दर हिवाळ्यात जात राहिले, आणि चौथ्या हिवाळ्यात प्रशिक्षक होण्याच्या परीक्षेला बसले.

त्या परीक्षेत आपण स्वतः किती छान घसरतो याला फार किंमत नसते. लहान मुलांना शिकवायचं तर त्यांच्या समोर तोंड करून, त्यांचे हात धरून, आपण स्वतः उलटं खाली जावं लागतं. संस्थेच्या पट्ट्या जुन्या होत्या. त्यांची पुढची टोकं वर वळलेली आणि मागची सपाट, कुदळीसारखी. उलटं जाताना माझी मागची टोकं बर्फात रुतली, मी पाठीवर पडले आणि सहा मुलं एकामागून एक माझ्यावर. एका मुलीचा दात पडला. नशीब, दुधाचा होता. मुख्य उस्ताद म्हणाले, "बेटी, अगले साल एक मौका और. बस एक." हवी होती ती दोन्ही टोकं वळलेली, पुढंमागं सारखीच चालणारी जोडी. ती संस्थेकडे नव्हती आणि माझ्या मापाची, माझ्या आवाक्यातली कुठं मिळतही नव्हती.

मी एक मोडकी पट्टी आठवण म्हणून मागून आणली होती. नांदेडला येऊन ओट्यावर बसले, पट्टी मांडीवर. सर आले. काय झालं विचारलं नाही. पट्टी उचलली आणि उलटी केली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येते तर त्या पट्टीचे त्यांनी करवतीनं चौदा तुकडे केलेले. चिक्की कापावी तसे ओळीनं मांडून ठेवलेले. मी ओरडलेच त्यांच्यावर. माझा आवाज तसाही लहान नाही. सर शांतपणे म्हणाले, "आत काय हाय ते कापल्याबिगर कसं कळंल? बघ, मधी लाकूड. वर-खाली काचेचं कापड. बाजूला पोलादाची कड. खाली काळं प्लास्टिक. भाकरीला पदर असतेत तसे पदर हाईत. ह्यात न कळण्यासारखं काय हाय?"

"म्हणजे?"

"मंजी मी करतो, मास्तरीणबाई."

त्या दिवसापासून मी मास्तरीणबाई. परीक्षेत नापास झालेल्या मुलीला कुणी मास्तरीण म्हणावं आणि ती चेष्टा न वाटावी, हे सरांनाच जमायचं.

पण दोन्ही टोकं वळवायची म्हटल्यावर ते अडले. "ज्याला दोन्हीकडं तोंड, त्याचा भरोसा काय?" मी त्यांना शेडमध्ये उलटं चालून दाखवलं, समोर मूल असल्यासारखे हात धरून. मागं रंधा मारायच्या बाकाला आपटले. सर बघत राहिले आणि म्हणाले, "मंजी लेकराकडं पाठ करायची न्हाई. बरं. मग दोन्हीकडं तोंड पाहिजेच."

मग त्यांनी बर्फ किती प्रकारचा ते विचारलं. मी सांगितलं. सकाळी काचेसारखा कडक, नवा पडला की पिठासारखा, दुपारी उन्हानं पाणचट. रुंद पट्टी कडक बर्फावर पकड घेत नाही, अरुंद असली तर भुसभुशीत बर्फात बुडते, आणि मला तर एकाच जोडीवर सगळा डोंगर उतरायचा होता. सर बराच वेळ कानावरची पेन्सिल फिरवत बसले. "मुरमाड, काळी आन् गाळाची. तिन्ही जमिनीत चालंल असं एक औत कोनी केलं न्हाई अजून."

"मग?"

"मग काय! आपुन करू." पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, पायाखाली ठेवून, मला वाकायला लावून त्यांनी पायाखालची रुंदी साडेतीन इंच ठरवली. दोन्ही टोकांकडे ती वाढत जाणार होती. "मधी कंबर, दोन्हीकडं खांदे," म्हणाले.

ती कंबर म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. वर्तुळ जेवढं मोठं तेवढी पट्टी सावकाश वळते. आम्ही हिशोब केला, तर वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत पन्नास फूट अंतर आलं. शेड वीस फुटांचं. दुसरा कुणी असता तर कागदावर छोटं काढून मोठं केलं असतं. मी तसं सुचवलंही. सरांना कागदावर भरवसा नव्हता. रविवारी सकाळी त्यांनी गल्लीच्या पार त्या टोकाला, पंक्चरवाल्या चाचांच्या दुकानासमोर एक खिळा ठोकला, त्याला तार बांधली आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल घेऊन ते शेडमध्ये प्लायवुडवर गुडघे टेकून बसले. तार गल्लीतून जमिनीलगत ताणलेली. भाजीचा गाडा थांबला, दोन मोटारसायकली थांबल्या, एक लग्नाची पत्रिका वाटणारा माणूस थांबला.

"क्या चल रा जी?" पत्रिकावाल्यानं विचारलं.

चाचांनी खिळ्यावर पाय दाबून धरला होता. ते अभिमानानं म्हणाले, "सर बरफ के चप्पलां बना रैं. हिलो नक्को."

सगळी वाहतूक खरंच हलली नाही. सरांनी एका दमात कमान ओढली. तेव्हापासून गल्लीत त्या पट्ट्यांचं नाव बर्फाच्या चपला पडलं. लोक सरांना विचारायचे, चपला कुठवर आल्या? मला राग यायचा. सर मात्र त्यांना नीट, सविस्तर उत्तर द्यायचे.

मधल्या लाकडासाठी त्यांनी वेळू निवडला. काकूंच्या भावानं औशाजवळ बांधावर बांबूचं बेट लावलं होतं. आम्ही बसनं गेलो. सरांनी पन्नासेक बांबू बोटाच्या पेरानं वाजवले, कान लावून ऐकले आणि नऊ निवडले. काकूंचे भाऊ म्हणाले, "दाजी, बांबू पोरगी हाय का? एवढं काय बघायचं?" सर म्हणाले, "पोरगीच उभी ऱ्हाणार हाय त्यावर." येताना कंडक्टर बांबू गाडीत घेईना. सरांनी त्याला गाडीच्या सीटचा एक स्क्रू ढिला असल्याचं दाखवलं, खिशातला पेचकस काढून तो आवळून दिला आणि बांबू आत आले.

वेळूच्या चिपा तासून, त्या कडेला कड लावून चिकटवल्या. पण बुटाची पकड बसवायला जे स्क्रू लागतात ते वेळूत फाटतात, म्हणून पायाखाली वीतभर इकडं, वीतभर तिकडं बाभळीचा तुकडा. "गाडीच्या चाकात बाभूळ असती. तिला मार खायची सवय हाय." कडा आणि खालचं काळं प्लास्टिक तेवढं बाहेरून मागवलं. आता हे सगळे पदर चिकट लावून एकत्र दाबायचे, तेही लांबीवर सगळीकडे सारखे. असं दाबयंत्र आणणार कुठून? सर भंगारबाजारातून आग विझवायचा जुना पाइप घेऊन आले. दोन लोखंडी गर्डरांच्या मध्ये साचा, साच्यावर पट्टी, पट्टीवर तो चपटा पाइप. त्याची टोकं बंद केली आणि चाचांच्या कॉम्प्रेसरनं त्यात हवा भरली. पाइप फुगला की खालच्या पट्टीला दुसरीकडे जायला जागाच नाही.

"कित्ती हवा डालूं सर? मोटर की के ट्रक की?"

"ट्रकच्या निम्मी डालो चाचा. आन् इथंच ठैरो."

पहिली जोडी त्यांनी मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी चिकटवली. त्याच दिवशी ते निवृत्त होत होते. दुपारी संस्थेत निरोपाचा कार्यक्रम. सर म्हणाले, सकाळी उरकतो. पण नांदेडचा मे. शेडचे पत्रे अकरालाच तापले. चिकटवायचं रेझिन मगात कालवलं आणि ते मगातच घट्ट व्हायला लागलं, वाफ निघायला लागली. सरांनी ते फेकलं, दुसरं कालवलं, घाईघाईनं पदर लावले, पाइप फुगवला आणि मग हवा उतरतेय का ते बघत बसले. तिकडे प्राचार्य, हार, शाल, श्रीफळ, सगळे थांबलेले. संस्थेतून तीन फोन आले. सर म्हणाले, "चिकट थांबत न्हाई, शाल थांबती." दोन तास उशिरानं गेले. हाताला रेझिन तसंच. प्राचार्यांनी शाल पांघरली आणि सरांनी ती सारखी करायला हात लावला, तर शाल हाताला चिकटली. भाषण ते शाल धरूनच करून आले. भाषण म्हणजे तीन वाक्यं. त्यातलं एक वर्गातल्या बाकांच्या सांध्यांबद्दल.

साच्यातून जोडी निघाली तेव्हा मी खरंच नाचले. काय दिसत होती! दोन्ही टोकं एकसारखी वर वळलेली, मध्ये कंबर, हातात धरली तर हलकी. सगळी गल्ली बघून गेली. सर मात्र म्हणाले, "अजून हिनं थंडी कुठं पाहिली?" आणि आम्ही दोघं रिक्षात पट्ट्या आडव्या घालून बर्फाच्या कारखान्यात गेलो. मालक ओळखीचा. जिथं बर्फाच्या लाद्या रचतात त्या खोलीत पट्ट्या ठेवल्या. दोन तासांनी सर स्वेटर घालून आत गेले. नांदेडात जूनमध्ये स्वेटर घातलेला मी पाहिलेला तो एकमेव माणूस. त्यांनी पट्टी उलटी केली, तिच्या तळावर पोलादी फूटपट्टी आडवी, कडेवर उभी धरली, मागं बॅटरी लावली आणि मला वाकून बघायला सांगितलं.

फूटपट्टीच्या खालून उजेड येत होता. तळ सपाट राहिला नव्हता. मध्ये खोल गेला होता, दोन्ही कडा वर. भट्टीसारख्या उन्हात चिकटवलेले पदर थंडीत आकसले, आणि सगळे सारखे आकसले नाहीत. अशा पट्टीवर कडा बर्फाला चावतात, ती वळायला तयारच होत नाही. मूल घेऊन उलटं जायचं तर नावच काढायला नको.

सरांनी घरी येऊन ती जोडी कापली. मी म्हणाले, मे महिन्यानं घात केला. ते म्हणाले, "महिना त्याच्या जागी बरोबर हाय. मी चुकलो." मग आठ-दहा दिवस शेडकडे गेलेच नाहीत. मला परीक्षेची धास्ती. एक दिवस मी ताडकन बोलून गेले, "जाऊ द्या सर. तुम्ही बर्फ तरी बघितलाय का कधी?"

ते उठले. चप्पल घालून बाहेर गेले. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"असं बोलायचं नव्हतं गं. तुला एक सांगते. ह्यांचे वडील कंधारकडच्या खेड्यातले. गावच्या सुताराकडं जन्मभर ओंडके वाहिले. फोडायचे, उचलायचे, पर हत्याराला हात लावायचा न्हाई. आपला धम्म झाला तरी गावाचं तेच चालू. एकदा सुतार जेवायला गेला, तवा मामंजींनी वाकस उचललं आन् औताचा दांडा तासला. असा तासला की सुताराला वाटलं आपलंच काम हाय. मागून कळलं कुणी तासला ते. तवा त्यानं सगळ्यांसमोर ते वाकस इस्तवात घातलं. शुद्ध करायला. हात चांगला हाय म्हणून कोनी म्हनलं न्हाई. त्याच साली मामंजींनी ह्यांना सुतारकामाला घातलं. सगळी वस्ती म्हनत व्हती वायरमन कर, नोकरी लागंल. न्हाई ऐकलं. आन् ह्यांनी ते काम असं धरलं की आता सोडतच न्हाईत. तुझ्या पट्ट्या बिघडल्या तर तू नापास होशील. ह्यांचं काय होईल ते तुला न्हाई कळायचं."

मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली. संध्याकाळी मी सरांसाठी चहा घेऊन गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "तुझं बरोबर हाय. बर्फ न्हाई बघितला. मनूनच थंडीतच चिकटवायला पाहिजे. डिसेंबर येऊ दे." एवढंच. मनात ठेवणारा माणूस नव्हता तो.

डिसेंबर आला. पत्रे गार, हवा कोरडी, रेझिनला पुरेसा वेळ. चाचा कॉम्प्रेसर घेऊन सकाळीच हजर. सरांनी या वेळी जोडी केली नाही, तीन पट्ट्या केल्या. बर्फाच्या कारखान्यात तिघींच्या तळावर फूटपट्टीखालून सुईएवढाही उजेड आला नाही. सरांनी स्वेटर काढला, घडी घातली आणि पहिल्यांदाच मालकानं पुढं केलेल्या खुर्चीवर ती उलटी न करता बसले.

"तिसरी कशाला, सर?"

"मोडायला."

संस्थेतसुद्धा त्यांची हीच रीत होती. पोरांनी दहा स्टुलं केली की अकरावं करायला लावायचे आणि ते सगळ्यांसमोर मोडायचे. जो आपलं काम मोडून दाखवायला भितो त्यानं ते विकू नये, असं त्यांचं म्हणणं. तिसरी पट्टी त्यांनी जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून शिवून टाकली आणि माझ्या हातात दिली. "कोनी इचारलं तरच सोड. उगं दाखवत फिरू नको."

फेब्रुवारीत पंजाबकडे जाणाऱ्या गाडीनं मी निघाले. डब्यात गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन परतणारी माणसं. त्यांनी ते लांब गाठोडं बघून मला आधी तंबोरा वाजवणारी समजलं आणि मग पराठे दिले. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी उतारावर पोचले. रात्री गारठून बर्फाचा दगड झालेला. मुख्य उस्तादांनी माझ्या पट्ट्या बघितल्या, फिरवल्या, पुन्हा बघितल्या.

"किस कंपनी की है?"

"घर की है, उस्तादजी. नांदेड की."

त्यांचा चेहरा बदलला. ते वाईट माणूस नव्हते. पण मागच्या वर्षी माझ्यावर सहा मुलं पडलेली त्यांनी पाहिली होती. "बेटी, घर की चीज़ पे मैं बच्चे नहीं दूँगा. बीच ढलान में टूट गई तो?"

एक मौका, आणि तोही उतारावर पाय ठेवण्याआधीच चाललेला. मग मी ते कापड उसवलं. तिसरी पट्टी बाहेर काढली. तिच्यावर, मधल्या भागापासून वीतभर अंतरावर, सरांनी पेन्सिलीनं आडवी रेघ ओढली होती आणि शेजारी त्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं, 'तीन माणसं धरंल. चौथ्याला हितं मोडंल.'

मी ते हिंदीत वाचून दाखवलं. उस्ताद हसले. दोन लाकडी बाकांवर पट्टी आडवी ठेवली. ते स्वतः मधोमध उभे राहिले. पट्टी नुसती वाकली. दुसरा उस्ताद चढला, तिसरा चढला. एकमेकांच्या खांद्यांना धरून तिघं उभे, खाली पट्टी धनुष्यासारखी. करकरली, पण धरून राहिली. आता कुणी हसत नव्हतं. स्वयंपाकघरातून आचारी हात पुसत आला. तो तिथला सगळ्यात वजनदार माणूस. त्यानं एक पाय ठेवला, मग दुसरा.

ती मोडली, आणि चौघंही बर्फात बसले. मुख्य उस्तादांनी उठून तुकडा उचलला, रेघेकडे बघितलं, मोडलेल्या जागेकडे बघितलं. बाभूळ संपून वेळू सुरू होतो तिथंच, रेघेच्या जवळच ती मोडली होती. त्यांनी कपड्यांवरचा बर्फही झटकला नाही.

"जिसको पता है कि उसकी चीज़ कहाँ टूटेगी," ते म्हणाले, "उसपे तो मैं अपना बच्चा भी दे दूँ." आणि पाच मुलांच्या रांगेत त्यांनी सहावा स्वतःचा नातू आणून उभा केला.

मी मुलांकडे तोंड केलं. मागं उतार. पाठीमागची टोकं बर्फावरून अशी सरकली, जणू ती पुढचीच होती. वर कडक बर्फात कडांनी पकड घेतली, खाली उन्हात बर्फ पाणचट झाला होता तिथं रुंद खांद्यांनी मला वर धरलं. सहा लेकरं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, कुणी रडवेलं, कुणी खिदळतंय. सगळ्या उतारावर एकही पडलं नाही. खाली पोचल्यावर मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. अभिमान वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि तो स्वतःचा नव्हता, म्हणून जास्त मोठा वाटत होता.

निकालाच्या कागदावर 'साहित्याची कंपनी' असा एक रकाना होता. उस्तादांनी पेन उघडलं आणि विचारलं, "क्या लिखूँ?" मी सरांचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांचं, वडिलांचं, आडनाव, आणि मग कंधारकडचं ते गाव. उस्तादांनी सगळं लिहिलं.

नांदेडला आले तेव्हा सर शेडमध्येच होते. मी पास झाल्याचं फोनवर कळलेलं होतं, पण त्यांनी आधी मोडलेले तुकडे मागितले. चष्मा लावला, रेघेपासून मोडीपर्यंत बोटं ठेवून मोजलं आणि तोंड वाकडं केलं. "दोन बोटं चुकलं." मी कपाळाला हात लावला. चार माणसं पडली, उस्तादांनी नातू दिला, सगळं रंगवून सांगितलं, तरी ते आपले मोडीतले वेळूचे धागे बघत "दोन बोटं चुकलं की" म्हणत राहिले. काकू दारातून म्हणाल्या, "अहो, पोरगी पास झाली, तिच्याकडं बघा आधी!"

मग मी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझं नाव वाचलं, श्रेणी वाचली, मान हलवली. खाली आले आणि त्या रकान्याशी थांबले. खांद्यावरच्या पंच्यानं चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि मधल्या नावावर बोट ठेवून काकूंना हाक मारली.

"अगं ए, इकडं ये. बापाचं नाव आलंय बघ कंपनीत."